प्रोटॉनला घेऊन मंगळवेढ्याला

सोलापूरच्या शांतव्वांचं नाव आधी लिहितो, मग पुढचं. त्या नसत्या तर आज मी वेंगुर्ल्याच्या बाजारात मामांच्या शेजारी बसून नारळ सोलत असतो. नारळ सोलण्यात वाईट काही नाही. पण आईनं गावभर सांगून ठेवलंय की आमचो सदू मुंबैच्या कॉलेजात असा. कॉलेजात काय करतो ते ती सांगत नाही. मीच सांगून टाकतो. सहावीत शाळा सोडून मुंबईला आलो, आधी एका खानावळीत होतो, आणि आता एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा पुसतो, तारा गुंडाळतो, दिवे लावतो आणि बंद करतो.

ज्या वेळची ही गोष्ट, तेव्हा मी हंगामी होतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की नोकरी संपायची, आणि जूनमध्ये परत बोलावतील की नाही या घोरात माझा मे महिना जायचा. आंबेसुद्धा गोड लागत नसत.

अशात एका थंडीत आमच्या सामंत सरांना सोलापूरहून व्याख्यानाचं बोलावणं आलं. विषय होता, प्रकाश पडल्यावर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन काय करतात. परदेशात तेव्हा एक-दोन ठिकाणी याची मोजमापं चालली होती आणि सरांना त्याचं वेड लागलं होतं. त्यांनी स्वतः एक यंत्र बनवलं होतं, ते न्यायचं होतं. ते उचलायला माणूस हवा, म्हणून मी. सामानाच्या खोलीतल्या कारकुनांनी पेटी माझ्या ताब्यात देताना चष्म्यावरून बघत सांगितलं, "प्रयोग नीट दाखवून यंत्र शाबूत परत आलं, तर प्रिन्सिपॉलसाहेब तुझं नाव कायमसाठी पुढं पाठवणार आहेत. नाही आलं, तर तूसुद्धा येऊ नकोस."

त्या रात्रीच्या गाडीत सर झोपले. मी पेटीवर बसून होतो.

सोलापूर

आपल्या कोकणातून सोलापूरला कुणी गेल्याचं मला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. तिथं झाडं एकमेकांपासून लांब उभी असतात, भांडण झाल्यासारखी. आभाळ फार मोठं. हवा इतकी कोरडी की दोरीवर टाकलेला पंचा मी पाठ वळवेपर्यंत वाळला. आपल्याकडं पावसाळ्यात तो आठवडाभर ओला राहतो, हे मी शांतव्वांना सांगितलं तेव्हा त्यांना ती ऐश वाटली.

आमचा मुक्काम त्यांच्याच घरी होता. त्यांच्या यजमानांचा धान्याचा व्यापार, आणि व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळात ते होते. पण ते दिवसभर पेढीवर, त्यामुळं आमची गाठ शांतव्वांशीच. पन्नाशीच्या लिंगायत बाई, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, बोलताना निम्मं मराठी, निम्मं कन्नड. मला पाहिल्यावर म्हणाल्या, "हे पोरगं पेटी कशापायी कवटाळून बसलंय? सोनं हाय का आत?"

"प्रोटॉन आहे," मी म्हणालो.

"आसू दे की. आधी पाणी पी."

पाणी प्यालो आणि उरलेलं सवयीनं अंगणात भिरकावलं. शांतव्वा त्या ओल्या डागाकडं बघत राहिल्या. मोठा दुष्काळ सरून तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. त्यानंतर मी पेल्याचा तळ चाटायचा तेवढा बाकी ठेवला.

जेवायला कडक भाकरी आली. ज्वारीची, पातळ, वाळवून खडखडीत केलेली. मला वाटलं पापड आहे, जेवण मागून येईल. मी ती खाऊन वाट बघत बसलो. शांतव्वांनी शेंगाची चटणी वाढली, भाकरी आमटीत कुस्करून दिली आणि म्हणाल्या, "आता खा. हेच जेवण हाय." त्या चटणीनं माझ्या कानातून वारा गेला. भाताची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाच्या पाण्यात खपून गेलं.

सर मात्र चुलीपुढंच पाट घेऊन बसले होते. शांतव्वांनी त्यांना विचारलं, "सर, तुमचा तो प्रोटॉन म्हंजे काय वो?"

"प्रत्येक वस्तू बारीक कणांची बनलेली असते. त्या कणाच्या पोटात आणखी एक गाभा असतो, आणि त्या गाभ्यात प्रोटॉन न् न्यूट्रॉन असतात."

"ह्या भाकरीत हाय?"

"आहे की."

"तव्यात?"

"तव्यातही आहे."

"मग मुंबैपास्नं पेटीत घालून कशाला आणला?"

सरांनी घास ताटात ठेवला. मग त्यांनी समजावलं की पेटीतला खरा नव्हे, खूप मोठा करून दाखवलेला आहे. खऱ्यावर डोळ्यांना न दिसणारा, फार जोराचा प्रकाश टाकावा लागतो. त्या प्रकाशात विजेची ओढ असते, चुंबकाचीही असते. त्या ओढीनं प्रोटॉन किंचित ताणला जातो, आतले धन आणि ऋण भाग जरासे दूर सरकतात, आणि आलेला प्रकाश तो चहूकडं उधळतो. कुठल्या बाजूला किती उधळला हे मोजलं, की तो आतून मऊ आहे की घट्ट ते कळतं.

"मडकं घेताना टिचकी मारून बगतो तसं," शांतव्वा भाकरी उलटत म्हणाल्या.

"अगदी तसं," सर म्हणाले, आणि व्याख्यानात त्यांनी हे स्वतःला सुचल्यासारखं सांगितलं.

संध्याकाळी ओसरीवर यंत्र मांडलं. एका टोकाला दांडा. तो फिरवला की लांब पट्टीवरून लाट निघते, तो प्रकाश. मधोमध स्प्रिंगांनी ताणून धरलेला कापडी चेंडू, अर्धा तांबडा, अर्धा निळा, तो प्रोटॉन. त्याच्याभोवती अर्धवर्तुळात पितळी घंट्या, दोऱ्यांनी जोडलेल्या. लाट चेंडूला धडकते, चेंडू ताणला जातो, दोऱ्या ओढल्या जातात, आणि कुठली घंटी किती वाजते त्यावरून चेंडूच्या घट्टपणाचा अंदाज घ्यायचा. दांडा फिरवणं माझं काम. सर म्हणत, "सदा, प्रकाश सोड," की मी सोडायचो. सहावी नापासाला देवानं एवढं तरी दिलं.

पण मी दांड्याला हात लावायच्या आधीच घंट्या किणकिणायला लागल्या. मी दोन्ही हात वर केले. सरांनी गल्लीकडं बोट दाखवलं. पलीकडं तेलुगू विणकरांची घरं, तिथं चादरींचे माग सुरू झाले होते आणि त्यांच्या खडखडाटानं ओसरीची फरशी हलत होती.

"हा आपला प्रकाश नाही, शेजाऱ्यांचा आहे," सर म्हणाले. "खऱ्या प्रयोगातसुद्धा असंच असतं. आधी नुसते शेजारी किती वाजतात ते मोजायचं आणि शेवटी तेवढं वजा करायचं."

सोलापूरचं व्याख्यान छान झालं. टाळ्या पडल्या, मी यंत्र पुसून पेटीत ठेवलं आणि मनातल्या मनात घरी पोचलो. तेवढ्यात समोरच्या रांगेतले एक पैलवानी बांध्याचे गृहस्थ उठून आले. ते शांतव्वांचे थोरले भाऊ मल्लप्पाअण्णा, मंगळवेढ्याचे. त्यांनी सरांचा हात हातात घेतला तो सोडेचनात. "हे आमच्या गावात दावायचं. उद्याच. आमची मानसं काय मानसं न्हाईत व्हय?"

सर हो म्हणाले. सर नेहमीच हो म्हणतात.

एसटीत

शांतव्वाही माहेरी निघाल्या होत्या. कंडक्टरनं माझ्या मांडीवरच्या पेटीकडं पाहिलं.

"काय हाय यात?"

"प्रोटॉन."

"जिता हाय का?"

"नाही."

"मग वर टपावर टाका."

मी शांतव्वांकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "आरं, त्याच्यात त्याचा जीव हाय. टपावर टाकलास तर हेबी वर जाऊन बसंल, आणि पडलं तर तू उचलशील का?" कंडक्टरनं विचार केला आणि पुढं गेला. तासन्‌तास ती पेटी माझ्या मांडीवर होती. पाय बधिर झाले. बाहेर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, डोळे पुरेनात इतकी लांब. आपल्याकडं शेत म्हणजे डोंगराच्या खिशात घातलेला रुमाल. इथं शेताला काठच दिसत नव्हता.

मंगळवेढा

पोचल्या पोचल्या अण्णांनी हुरडा खायला नेलं. कोवळी कणसं शेणीच्या आगीत भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. मी फुंकर मारली ती इतकी जोरात की दाणे सरांच्या चष्म्यावर गेले. अण्णा म्हणाले, "कोकणातली मानसं, वादळागत फुकतात." पण हुरडा मात्र असा की भाताची आठवण तेवढ्यापुरती गेली.

दिवस मावळायच्या आधी शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक बैलगाड्या जोडून आले होते. एका बाजूला गडीमाणसं, दुसऱ्या बाजूला बायका. मी दगडी व्यासपीठावरच्या टेबलावर यंत्र मांडलं, घंट्या लावल्या, दोऱ्या तपासल्या. मग अध्यक्ष या नात्यानं मल्लप्पाअण्णा पुढं आले. हातात ताट.

मला वाटलं सरांचा सत्कार. पण अण्णा सरांना ओलांडून यंत्रापाशी गेले. त्यांनी प्रोटॉनच्या तांबड्या अंगावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. निळ्या अंगाला हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार घातला तो अर्ध्या घंट्यांवरून खाली आला. टेबलाच्या पायाशी नारळ फोडला, उदबत्ती लावली, हात जोडले. लोकांनीही जोडले. मीही जोडले. नवीन होडी पाण्यात सोडताना आपणही हेच करतो, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

सर म्हणाले, "वा. सदा, आता हार बाजूला कर. प्रकाश सोडायचा आहे."

"आता?" अण्णा म्हणाले. "आता कसं सोडणार? पूजा झाली की."

"मग?"

"पूजा झाल्यावर हत्याराला त्या दिवशी हात लावत न्हाईत, सर. खंडेनवमीला औत पूजलं, की दुसऱ्या दिवसापतुर औत हालत न्हाय. कोयता न्हाय, पाभर न्हाय, कायबी न्हाय. त्याची इश्रांती असती."

सभेतून "व्हय व्हय" असा आवाज आला. दसऱ्याला शस्त्रं पूजून ठेवतात, हे आपल्याकडंही आहे. पण इथं दसरा नव्हता, आणि आमची परतीची गाडी सकाळी होती.

"अहो, पण हलणं हेच याचं काम," सर म्हणाले. "हलला नाही तर दाखवू काय?"

"तुमी बोला की. बोलायला कोन नगं म्हनतंय? त्याला तेवढं गप बसू द्या."

सर बोलायला उभे राहिले. पण त्यांचे सगळे शब्द त्या दांड्यापाशी येऊन अडायचे. "आता प्रकाश आला असं समजा." लोकांनी समजलं. "आता प्रोटॉन ताणला गेला असं समजा." लोकांनी हार घातलेल्या प्रोटॉनकडं पाहिलं. तो गप होता. मागं कुणीतरी म्हणालं, "देवमाणूस हाय, पर काय दिसंना." दोन बायका पोरं काखेला मारून उठल्या. सरांचा आवाज बारीक होत गेला. मी दांड्याजवळ उभा राहून कारकुनांचा चष्मा डोळ्यांसमोर आणत होतो. यंत्र शाबूत परत जाणार होतं हे खरं, पण प्रयोग दाखवून असंही त्यांनी म्हटलं होतं, आणि सर खोटं सांगणाऱ्यांतले नाहीत. हारातून हात घालून दांडा फिरवावा असं एकदा वाटलं. मग अण्णांचे दंड पाहिले.

तेव्हा बायकांच्या बाजूनं शांतव्वा उठल्या.

माहेरच्या गावात, भरल्या सभेत, थोरला भाऊ अध्यक्ष असताना बाईमाणसानं उठून बोलणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं. वहिनी त्यांचा पदर धरून खाली ओढत होत्या. शांतव्वांनी तो सोडवून घेतला.

"अण्णा, एक इचारू का?"

"खाली बस, शांता."

"बसते की. पर तू गेल्या साली टॅक्टर घेतलास, त्याची पूजा केलीस. मग तो इश्रांती घेत हुबा ऱ्हायला का?"

अण्णांनी उदबत्तीची राख झटकली.

"लिंबावरनं चालवलास की न्हाय?"

"ते येगळं."

"कसं येगळं? खंडेनवमी जुन्या हत्याराची. हे यंत्र तुज्या गावात पैल्यांदा आलंय. नव्याची पूजा येगळी. नवं लिंबावरनं गेलं न्हाय, तर पूजा अर्धी. आर्धी पूजा करून पावण्याला लावून देतोस व्हय?"

आता सभेत खरोखरची चर्चा सुरू झाली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, बाई बरोबर बोलतीया. दुसरा म्हणाला, पर ह्याला चाकं कुटं हायेत? अण्णा वाकून टेबलाखाली बघत म्हणाले, "चाकं न्हाईत तर पाय हायेत. लिंबं आणा रं."

चार लिंबं आली. चार गडी आले. टेबलाच्या प्रत्येक पायापुढं एक लिंबू ठेवलं आणि अण्णांनी "हां" म्हटल्यावर त्यांनी टेबल पुढं ढकललं. तीन लिंबं फुटली. चौथं घसरलं. टेबल त्या अंगाला कललं, प्रकाश नसताना सगळ्या घंट्या एकदम वाजल्या, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि मधली घंटी दोरीतून सुटून व्यासपीठाच्या दगडी कडेवर आपटली. मी धावलो. पितळेला केसाएवढी चीर गेली होती. वाजवून पाहिली तर तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा.

मी तिथंच खाली बसलो. सर वाकून हळूच म्हणाले, "सदा, हीच मधली घंटी. उलट फिरून येणारा प्रकाश हिच्यावर येतो. प्रोटॉन किती घट्ट ते हीच जास्त सांगते."

"सर, माझी नोकरी गेली," मी म्हणालो. हळू बोललो होतो, पण शांतव्वा जवळ आल्या होत्या.

"नोकरी कुटं जाती? थांब हितंच." त्या पटांगणाच्या कडेला गाड्या सोडल्या होत्या तिकडं गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत एक पितळी घंटी होती.

अण्णांनी ती ओळखली. "राजाच्या माळंतली?"

"एकच काढली."

"माज्या बैलाची माळ तोडलीस?"

"तोडली न्हाय. सोडवली. राजाला न्हाई राग आला, तुला कशाला येतोय?"

सरांनी ती स्वतः बांधली. हार काढून अण्णांच्याच गळ्यात घातला, त्यामुळं ते जरा निवले. मग सर माझ्याकडं वळले. "सदा, प्रकाश सोड."

मी दांडा फिरवला. लाट पट्टीवरून गेली आणि प्रोटॉनला भिडली. नारळाचं पाणी, कुंकू, झेंडूचा चीक, सगळं त्याच्या अंगात मुरलं होतं. तो जेमतेम हलला. मागचे लोक पुढं सरकले. मग राजाची घंटी एकदाच वाजली. टण.

"एवढंच?" पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले.

"खरा याहून कितीतरी कमी हलतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "फार घट्ट गडी आहे तो. म्हणून तर जगभरची माणसं कान देऊन बसलीत."

"मग त्यो हाललेला दिसतो कुणाला?"

"कुणालाच नाही. कुठली घंटी किती वाजली, एवढंच ऐकायचं."

आजोबांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "आनिक एकदा सोड."

मी किती वेळा सोडला ते आठवत नाही. खांदा भरून आला. मग सरांनी दुसरा चेंडू जोडला, न्यूट्रॉन. याच्यावर वरून वीज दिसत नाही, पण आत धन-ऋण दोन्ही असतात, म्हणून तोही ताणला जातो. अडचण अशी, की तो सुटा ठेवला तर थोड्या वेळानं त्याचं दुसरंच काही होतं. म्हणून त्याला प्रोटॉनच्या जोडीनं बसवायचं, दोघांवर मिळून प्रकाश टाकायचा, आणि एकूण आवाजातून प्रोटॉनचा वजा करायचा. जे उरेल ते न्यूट्रॉनचं.

"नवराबायकूगत," कुणीतरी म्हणालं.

"तसंच समजा."

"मग आमच्या अण्णाच्या घरात वहिनीचा आवाज वजा करून बगा," शांतव्वा बसल्या जागेवरून म्हणाल्या. "कायबी उरायचं न्हाय."

पटांगण हसलं. वहिनी पदरात हसल्या. अण्णा हार सावरत राहिले, मग तेही हसले, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांनी बहिणीला माफ केलं. बैलाच्या बाबतीत नाही. निघेपर्यंत ते म्हणत होते, "राजा आता एका अंगानं मुका चालंल."

परतल्यावर

कॉलेजात कारकुनांनी पेटी उघडली. प्रोटॉनच्या अंगावर हळदीचा डाग होता, विभूतीचे पट्टे पुसूनही दिसत होते. त्यांनी मधली घंटी उचलून वास घेतला.

"ही आपली नाही."

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "नाही. बैलाची आहे. आपली चिरली. प्रयोग मात्र हिच्यावर जास्त चांगला होतो, तेव्हा हीच राहू दे."

कारकुनांनी सरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, घंटी वाजवून पाहिली, आणि पेटी कपाटात ठेवली. जूनमध्ये मला बोलावणं आलं, आणि त्या कागदावर हंगामी हा शब्द नव्हता. आईनं गावात पेढे वाटले आणि मी शास्त्रज्ञ झाल्याचं सांगितलं. ते खोटं आहे, वाचणाऱ्यांनी कृपा करून मनावर घेऊ नये.

कायम माणसाला हक्काची रजा मिळते, हे मला तेव्हाच कळलं.

मंगळवेढ्याच्या स्टँडवर निरोप घेताना मी शांतव्वांच्या पाया पडलो होतो. त्यांनी माझ्या पिशवीत शेंगाची चटणी कोंबली आणि विचारलं, "तुज्या गावाला समुद्र हाय म्हनं. तो खरंच दिवसभर हालतो? कुणी न हालवता?"

मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "न्हाय पटत."

शांतव्वा, तुमचे उपकार माझ्यानं कधी फिटतील असं वाटत नाही. पण माझी पहिली रजा मी अजून घेतलेली नाही, तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. मी स्वतः सोलापूरला न्यायला येईन. आमच्या घरी आठ दिवस मासळी शिजणार नाही, आईशी बोलून ठेवलंय. फणस, सोलकढी आणि पोटभर भात मिळेल, आणि पाणी कितीही सांडलंत तरी कुणी बघणार नाही. संध्याकाळी तुम्हाला वाळूत नेऊन बसवीन. मग पटतं की नाही ते तुम्हीच सांगा.